आभासी गड की हातातली अक्षरे?

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एक ठराव चर्चेला आला आणि निर्णयाविना पुढील सभेवर गेला. एका दिवंगत ज्येष्ठ सभासदांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबीयांनी जी देणगी दिली आहे, तिच्यातून आभासी वास्तवाचे चष्मे विकत घ्यावेत आणि येत्या गणेशोत्सवात आपल्या नातवंडांना सुरतेत बसल्या जागी रायगड दाखवावा, असा तो ठराव होता. सभागृहात टाळ्या पडल्या. आम्ही विरोध नोंदवला, परंतु वेळ संपत आल्यामुळे कारणे सांगता आली नाहीत. ती येथे सविस्तर मांडत आहोत. देणगीदार कुटुंबाविषयी आम्हांला आदर आहे आणि ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका नाही. आमचा वाद आहे तो ठरावामागील समजुतीशी. नव्या पिढीला मराठीशी जोडायचे तर तिच्या डोळ्यांना काहीतरी भव्य दाखवले पाहिजे, ही ती समजूत होय.

प्रथम या यंत्राविषयी. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी १९६५ साली एका छोटेखानी निबंधात अशी कल्पना मांडली की, संगणकाचा पडदा एक दिवस खोलीएवढा होईल आणि त्या खोलीतील वस्तूंचे अस्तित्वच संगणकाच्या आज्ञेत असेल. १९६८ साली त्यांनी डोक्यावर चढवायचे पहिले दृश्ययंत्र सिद्ध केले. त्याची जोडणी इतकी अवजड होती की ती छतापासून लोंबती ठेवावी लागे. म्हणून तिला ‘डॅमोक्लिसची तलवार’ असे नाव पडले. ‘आभासी वास्तव’ हा शब्दप्रयोग जेरन लॅनिए यांनी १९८०च्या दशकात लोकप्रिय केला. पुढे २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला आणि २०२१ साली त्याची विक्री थांबवली. २०२४ साली ॲपलने जवळजवळ साडेतीन हजार डॉलर किमतीचा चष्मा बाजारात आणला. साठ वर्षांच्या या इतिहासात थोर बुद्धीची माणसे खपली आहेत. शल्यविशारदांचा व वैमानिकांचा सराव यांसाठी या संशोधनाचा उपयोग आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमच्या विरोधाला यंत्रद्वेषाचा वास आहे असे कोणी समजू नये.

परंतु हा चष्मा घालून आमचा नातू रायगडावर उभा राहिला की काय होते, याचा विचार करू. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत. अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण खुर्चीवर बसलो आहोत. या विसंवादामुळे पुष्कळांना मळमळते, हे संशोधकच सांगतात. ते सोडून देऊ. तो मुलगा जगदीश्वराच्या देवळाशी येतो. तेथील पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. अक्षरे देवनागरी आहेत. मुलगा पायरी पाहतो, दगडाचा पोतही पाहतो आणि पुढे सरकतो, कारण त्याला ती अक्षरे सहजपणे वाचता येत नाहीत. तो इंग्रजी शाळेत जातो, घराबाहेर गुजराती बोलतो आणि आजीला ‘आजी’ म्हणतो, एवढीच त्याची मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने स्वतःचे नाव ज्या लिपीत मागे ठेवले, ती लिपी ज्याच्या हातात नाही, त्याला आभासी रायगड म्हणजे एक सुंदर डोंगर आहे. या अंधत्वाला चष्मा लागू पडणारा नाही.

लिपी हातातून जाते म्हणजे काय होते, हे आपल्यासारख्या जुन्या घरांना कोणी शिकवायला नको. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात मोडीतील कागद आहेत: खरेदीखते, वंशावळी, हिशेब, कधी एखादे खाजगी पत्र. दसऱ्याला आपण त्यांना हळदकुंकू वाहतो, परंतु वाचत नाही, कारण वाचता येत नाही. मोडी मेली ती कोणी तिच्यावर बंदी घातली म्हणून नव्हे. तिचे खिळे पाडणे अशक्य होते असेही नव्हे, कारण श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ते पाडले होते. पण मुंबईच्या छापखान्यांनी बालबोध स्वीकारली, पुढे टंकलेखनयंत्रही बालबोधातच आले आणि मोडी फक्त बोरूपुरती उरली. बोरू गेला तशी तीही गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही ती नाहीशी झाली. २०१४ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मोडीला स्थान मिळाले, तेव्हा ती वाचणारे दिवा लावून शोधावे लागत होते. ज्या काळाचे जे लेखनसाधन, त्या साधनात जी लिपी सुखाने बसत नाही, ती दोनतीन पिढ्यांत पूजेची वस्तू होते. आज तीच पाळी आपल्या घरांपुरती बालबोधावर आली आहे आणि आजचे लेखनसाधन म्हणजे संगणक व मोबाइल यांचा कळफलक.

या सुरतेला तर हा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. १६७० साली येथील इंग्रजी वखारीचे दलाल भीमजी पारेख यांनी, आपल्याकडील जुने ग्रंथ छापावेत या इच्छेने, ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस येऊन दाखल झाला. त्याला छापता येत होते. आपल्या लिपीचे खिळे पाडण्याची विद्या मात्र त्याच्यापाशी नव्हती. भीमजींनी आपल्या पदरचा पैसा खर्चून खटपट केली, पण त्यातून छपाईची परंपरा उभी राहिली नाही. पुढे १७८७ साली याच सुरतेत जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी मुंबईत १८१२ साली छापखाना काढला, गुजरातीचे खिळे घडवले आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू केले. ते पत्र आजही चालू आहे. भीमजींपाशी यंत्र आणि पैसा होता. उणीव होती ती यंत्र आणि लिपी यांच्यामधला सांधा जुळवणाऱ्या कारागिराची. मर्झबान हे तसे कारागीर होते, म्हणून गुजराती पुढे गेली.

आज त्या सांधा जुळवण्याच्या विद्येला ‘मानव-संगणक आंतरक्रिया’ असे जड नाव आहे. नावाने बुजून जाण्याचे कारण नाही. माणूस यंत्रापुढे बसला की तो कोठे अडतो, का अडतो आणि यंत्रात कोणता बदल केला म्हणजे तो अडणार नाही, हे शोधणारी ही विद्या आहे. सभेत ठरावाच्या समर्थकांनी प्रणव मिस्त्री यांचे नाव घेतले. पालनपूरचा हा गुजराती संशोधक मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकला आणि २००९ साली हातवाऱ्यांनी चालणाऱ्या त्याच्या संगणकप्रयोगाने जगाचे लक्ष वेधले, हे खरे आहे. परंतु त्याच केंद्रात आपल्या अक्षरांसाठी जे काम झाले, त्याचा उल्लेख कोणीही केला नाही, याचे आम्हांस वाईट वाटले.

हे केंद्र १९६९ साली स्थापन झाले. र. कृ. जोशी हे मराठीतील अक्षरकलेचे आचार्य जाहिरातीच्या क्षेत्रातून तेथे अध्यापनासाठी आले. आज जगभरच्या संगणकांवर देवनागरी म्हणून जो ‘मंगल’ टंक वर्षानुवर्षे दिसत आला, तो त्यांच्या हातचा. २००८ साली ते गेले, तेव्हा मराठी साहित्यसंस्थांच्या नियतकालिकांतून त्यांच्यावर किती पाने आली, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा. त्याच केंद्रातील अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिप्यांच्या लेखनावर दीर्घकाळ संशोधन केले. २००४ साली त्यांनी ‘कीलेख’ नावाचा, वर्णमालेच्या क्रमाने रचलेला कळफलक विद्वानांपुढे ठेवला. २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याचीच बाराखडी चक्राकार उमटते. बोट हव्या त्या स्वराकडे सरकवले की अक्षर पुरे होते. आपण पाटीवर ‘क, का, कि, की’ गिरवत असू, तेच सूत्र येथे बोटाखाली आले. मराठीप्रमाणे गुजरातीसाठीही ते सिद्ध झाले. अक्षराचा मूळ घटक व्यंजन-स्वराचा जोड आहे आणि इंग्रजीप्रमाणे सुटी सुटी अक्षरे ओळीने मांडून आपले लेखन होत नाही, ही व्याकरणाची गोष्ट येथे यंत्राला शिकवली गेली.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढच्या दशकात ते सुरतेत अध्यापन करीत होते. १८४४ साली येथे दुर्गाराम मेहताजी यांच्यासह मानवधर्मसभा स्थापणाऱ्यांत ते होते. आपण त्यांचा वारसा सांगतो. आमचे म्हणणे इतकेच की, बाराखडीचे चक्र करणारा संशोधक दादोबांच्याच पंक्तीतला आहे, आणि त्याला पानावर बसवण्यास साहित्यसंस्था का कू करीत असतील तर दोष त्यांच्या दृष्टीचा आहे.

या विद्येतील एक विचारवंत येथे आठवतो. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनशाळेत काम करणारे मार्क वायझर यांनी १९९१ साली एका लेखात आभासी वास्तवाच्या उलट दिशेचा मार्ग सांगितला. माणसाला यंत्राच्या जगात ओढून नेण्याऐवजी यंत्रानेच माणसाच्या जगात इतके मिसळून जावे की त्याची जाणीवही उरू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि अशा विरून गेलेल्या तंत्राचे आद्य उदाहरण म्हणून त्यांनी लेखनकलेकडेच बोट दाखवले. दुकानाची पाटी वाचताना आपण ‘वाचतो आहोत’ असे आपल्याला वाटत नाही. आता आपल्या नातवाकडे पाहा. त्याला मराठीत ‘आजी, मी पोहोचलो’ एवढे लिहायचे असते. तो ते रोमन अक्षरांत लिहून मोकळा होतो, कारण देवनागरी त्याच्यासाठी विरून गेलेली नाही. प्रत्येक अक्षरागणिक ती त्याच्यापुढे भिंतीसारखी उभी राहते.

यावर कोणी म्हणेल, रोमन तर रोमन, मराठी लिहिली जाते आहे ना? तर काल, काळ, कल, कळ हे चारही शब्द रोमन अक्षरांत एकाच रूपात येतात. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांतील भेद तेथे बुजतात. ज्या पिढीने ळ कधी लिहिला नाही, ती तो बोलणेही सोडते. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की गुजरातीत ळ आणि ण दोन्ही शाबूत आहेत. म्हणजे शेजाऱ्याच्या भाषेने जे राखले, ते आपण आपल्याच हाताने रोमन लिपीच्या स्वाधीन करीत आहोत.

दुसरे कोणी म्हणेल, आता बोलले की यंत्रच लिहिते. २०१७ साली गूगलने मराठी आणि गुजरातीसह आठ भारतीय भाषांसाठी ही सोय केली, हे आम्हांस ठाऊक आहे. ज्यांचे हात थरथरतात त्यांना ती वरदान आहे, आणि आमच्यातील काहीजण ती वापरतातही. परंतु असे यंत्र बहुसंख्यांच्या बोलण्यावर पोसलेले असते. आपल्या घरांतील, पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीचा शेजार लाभलेली मराठी त्याच्या कानाला परकी वाटते. ते तिला ‘दुरुस्त’ करते. शिवाय लिहिणे म्हणजे बोलण्याची नक्कल नव्हे. खोडणे, थांबणे, एक शब्द काढून दुसरा बसवणे, हे हातानेच होते. यंत्राने लिहून दिलेले मराठी ज्याला वाचून तपासता येत नाही, त्याने ते लिहिले असे कसे म्हणावे?

मग उपाय काय? तो सुरतेतील माणसाला महाराष्ट्रातील माणसापेक्षा अधिक सोपा आहे, आणि हा मुद्दा सभेत कोणाच्याच ध्यानी आला नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळांची प्रमाण मांडणी ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. सर्वांत मोलाची गोष्ट ही की, जी कळ देवनागरीत क देते तीच गुजरातीत ક देते. आपली जी मुले शाळेत वा कचेरीत गुजराती लिहायला या मांडणीने शिकली असतील, त्यांना मराठीसाठी एकही कळ नव्याने पाठ करावी लागत नाही. भाषा बदलण्याची खूण दाबली की झाले. दोन लिप्यांतील नाते आपण शिरोरेषेच्या असण्यानसण्यावरून ओळखतो. बोटांना ते नाते एकच वाटते. पाचसहा आठवडे रोज अर्धा तास हात बसवला तर हे साध्य होते, हा आमच्यातील उतारवयाच्या तिघांचा स्वानुभव आहे. २००८ साली युनिकोडमध्ये ॲ हे अक्षर आले, २००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप जाहीर केले. साधने सिद्ध आहेत. हात मात्र बसलेले नाहीत.

आता संशोधकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे, कारण त्यांची स्तुती करून त्यांना मोकळे सोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१७च्या सप्टेंबरात या विद्येची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईच्या आयआयटीत भरली. जगातून विद्वान आले. पण या क्षेत्राचा व्यवहार इंग्रजीत चालतो, बढत्या परदेशी परिषदांतील निबंधांवर मिळतात, आणि ज्यांच्या बोटांवर प्रयोग होतात त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत क्वचितच वाचायला मिळतात. मिनिटाला किती शब्द लिहिले गेले, किती चुका झाल्या, हे मोजले जाते. ते मोजायलाच हवे. पण विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याचा प्रयोग बहुधा तेथेच थांबतो आणि नमुन्यादाखल केलेले साधन जुने होत जाते. मराठीच्या लेखनावर झालेले संशोधन मराठीत का उपलब्ध नसावे? महाराष्ट्राबाहेरच्या, दोन लिप्यांत वावरणाऱ्या मराठी माणसाच्या अडचणी त्यांच्या विषयपत्रिकेवर का नसाव्यात? हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण तो अधिकार लिहिणाऱ्यांना असतो. जो समाज स्वतः त्या कळफलकावर बोट ठेवत नाही, त्याच्या तक्रारीकडे संशोधकाने का पाहावे?

आणि शेवटी एक कटू गोष्ट. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली जी कुटुंबे आहेत, त्यांना आपण अजूनही ‘कालपरवा आलेले’ म्हणतो. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत जातात आणि स्वच्छ देवनागरी लिहितात. आपण जुनी घराणी. आपल्या मुलांनी ती लिपी सोडली आणि आपण तिच्याऐवजी त्यांना गडाचे दृश्य विकत घेऊन देणार! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. अभिनंदनाचे संदेश आपल्या मंडळाच्या मोबाइल-गटावर आले, ते बहुतेक रोमन लिपीत आले. आमच्यातील एकाने ते मोजण्याचे काम अर्ध्यावर सोडून दिले.

म्हणून पुढील सभेत आम्ही मूळ ठरावाला पुढील दुरुस्ती सुचवणार आहोत. देणगीची रक्कम चष्म्यांवर खर्च न करता तिच्यातून मंडळाच्या सभागृहात साधे संगणक ठेवावेत आणि दर रविवारी मराठी लेखनाचा वर्ग चालवावा. वर्गात शिकवण्यास मराठी शाळांतील शिक्षकांना सन्मानाने बोलवावे, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आपल्या नातवंडांच्या शेजारी बसवावे. घरोघरच्या मोडी कागदांची छायाचित्रे घेऊन, जाणकाराकडून त्यांचे वाचन करवून, मुलांनी ते देवनागरीत उतरवावे. वर्षअखेरीस मुलांना काय जमले आणि काय अडले, याचा वृत्तांत मराठीत लिहून तो संबंधित संशोधकांना पाठवावा आणि त्यांच्याकडून मराठीतच उत्तर मागावे. ज्यांचे स्मरण आपण करीत आहोत, ते ज्येष्ठ सभासद मंडळाला लिहीत ती पत्रे आमच्या संग्रही आहेत. त्यांच्या नातवाला ती वाचता यावीत, यापेक्षा उचित स्मारक आम्हांला सुचत नाही.

आमच्या म्हणण्याला ज्यांचा विरोध असेल, त्यांनी तो अवश्य कळवावा. पुढील अंकात त्याला जागा देण्याची विनंती आम्ही संपादकांना केली आहे. अट एकच: तो देवनागरीत, आणि शक्य तर स्वतःच्या हाताने टंकलिखित केलेला असावा.